हातखंब्याचा तिठा आणि सायकलचा हक्क

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास हातखंब्याच्या तिठ्यावर दहा मिनिटे उभे राहावे. मुंबई-गोवा महामार्गावरून दोन्ही बाजूंनी येणारे कंटेनर, गॅसचे टँकर, रत्नागिरीकडे वळणाऱ्या एसटी, चिऱ्याचे ट्रक, वडापच्या रिक्षा आणि या सगळ्यांच्या फटीतून वाट काढणाऱ्या दुचाक्या दिसतात. त्यातच पाठीवर दप्तर अडकवून पलीकडे जाण्यासाठी ताटकळणारी मुलेही असतात. सायकल मात्र क्वचितच दिसते.

पन्नाशी उलटलेल्या वाचकांना वेगळे दिवस आठवत असतील. पहाटे भोंगा वाजवत पाव-बटर घेऊन वाडीत शिरणारा पाववाला सायकलवर यायचा. पोस्टमन, शाळेचे गुरुजी, मागच्या कॅरिअरला मासळीची टोपली बांधून मिरकरवाड्याहून निघालेला विक्रेता, सगळ्यांचा भरवसा सायकलवर होता. सुट्टीत तासावर भाड्याने सायकल घेऊन, मधल्या दांड्याखालून पाय घालत गुडघे फोडून घेतलेली पिढी अजून आपल्यात आहे. ती सायकल कुठे गेली, असा प्रश्न विचारला की उत्तर तयार असते: "हे कोकण आहे. चढ-उतार, चार महिने मुसळधार पाऊस आणि उरलेले आठ महिने घामाच्या धारा. इथे सायकल चालवायची कशी?"

हे उत्तर तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कारण याच उत्तराचा आधार घेऊन कोट्यवधी रुपयांचे रस्ते बांधले जात आहेत आणि त्यात पायी चालणाऱ्याला व सायकलस्वाराला जागा उरलेली नाही.

हवामानाचा दोष किती?

हवामानाची अडचण खोटी नाही. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्याच्या तुलनेत तो चौपटीच्या आसपास आहे. आषाढातल्या सरीत रेनकोट काय आणि छत्री काय, दोन्ही नावालाच. मार्चपासून दमट उकाडा सुरू होतो. शहर समुद्रकाठी आणि हातखंबा सड्या-डोंगरांच्या बाजूला, त्यामुळे तेरा-चौदा किलोमीटरच्या वाटेवर चढ लागतातच.

पण हवामानच सगळे ठरवत असते, तर पुणे आज सायकलींनी गजबजलेले असायला हवे होते. तिथला पाऊस बेताचा, हवा बरी आणि शहराचा मोठा भाग सपाट. पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. कारखान्याच्या पाळीला जाणारे कामगार आणि कॉलेजची मुले-मुली यांच्या सायकलींनी रस्ते भरून जात. ते चित्र आज राहिलेले नाही. पुण्याचे हवामान काही सायकलला प्रतिकूल झाले नव्हते. रस्ते दुचाकी आणि मोटारींच्या सोयीने रुंद होत गेले. सायकलमार्ग बांधले गेले, पण तुटक. कुठे मध्येच विजेचा खांब, कुठे पार्किंग, कुठे चौकाच्या अलीकडेच मार्ग संपलेला. डिसेंबर २०१७ मध्ये भाड्याच्या सायकलींची योजना मोठ्या उत्साहात सुरू झाली आणि काही वर्षांतच त्या सायकली रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. अनुकूल हवामान असूनही रस्त्याने साथ सोडली की सायकल टिकत नाही, हा पुण्याचा धडा आहे.

याच्या उलट उदाहरण फिनलंडमधल्या औलू शहराचे. हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ आहे. हिवाळ्यात तापमान शून्याच्या कितीतरी खाली जाते आणि महिनोन्महिने बर्फ असतो. तरीही तिथली मुले बर्फातून सायकलने शाळेत जातात. शहरभर शेकडो किलोमीटरचे वेगळे सायकलमार्ग आहेत आणि बर्फ पडला की मुख्य सायकलमार्ग साफ करण्याला प्राधान्य मिळते. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. तिथे २००६ नंतरच्या काही वर्षांत सुमारे ऐंशी किलोमीटरचे सलग, मोटारींपासून वेगळे सायकलमार्ग उभे राहिले आणि नगण्य असलेला सायकलींचा वापर कित्येक पटींनी वाढला.

थंडी, ऊन, पाऊस यांना माणूस तोंड देतो. कोकणी माणसाने तर इरले डोक्यावर घेऊन भर पावसात लावणी केली आहे. ज्याला तोंड देता येत नाही ती गोष्ट म्हणजे पाठीमागून ऐंशीच्या वेगाने येणारा ट्रक.

खरी आडकाठी वेगाची

वाहनाचा वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्या वाहनाची धडक बसलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो. पन्नास-साठच्या पुढे त्याची आशा झपाट्याने मावळते. म्हणूनच जिथे माणसे आणि वाहने एकत्र येतात, तिथे ताशी तीसची मर्यादा असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. त्यांतले सुमारे ४५ टक्के दुचाकीवर होते आणि जवळपास २० टक्के पायी चालणारे. म्हणजे मरणाऱ्या तिघांपैकी दोघे मोटारीत बसलेले नव्हतेच. रस्ता ज्यांच्यासाठी रुंद होतो ते वेगळे आणि त्याची किंमत मोजणारे वेगळे, असे हे गणित आहे.

हातखंब्याला हे गणित कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. इथल्या उतारांवर आणि वळणांवर टँकर उलटल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. गॅसगळतीच्या भीतीने वाहतूक थांबते, आसपासच्या घरांची झोप उडते. चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे चालले. भराव पडले, डोंगर कापले गेले, वळणरस्ते निघाले आणि बदलले. या सगळ्या काळात वाडीतून शाळेकडे, मोहल्ल्यातून बाजाराकडे, बागेतून घराकडे जाणाऱ्या माणसाची वाट कुठून जाणार, हा प्रश्न कुणी आवर्जून विचारला का? महामार्ग गावातून जातो तेव्हा गाव दोन भागांत चिरले जाते. मोटारवाल्यासाठी ते अंतर पाच सेकंदांचे असते. डोक्यावर हारा घेतलेल्या बाईसाठी तोच रस्ता म्हणजे रोजची परीक्षा.

चौपदरी रस्ता नको, असे आमचे म्हणणे नाही. जुन्या अरुंद महामार्गाने कोकणातल्या किती घरांत अंधार केला, हे सर्वांना ठाऊक आहे. समोरासमोरच्या धडका टाळायच्या तर दुभाजक हवाच. पण लांबच्या वाहतुकीसाठी चार पदर बांधताना गावातल्या वाहतुकीसाठी दोन मीटरची सुरक्षित पट्टी बांधली नाही, तर तो रस्ता अर्धवटच राहिला. वाहने नव्हे तर माणसे हलवणे महत्त्वाचे, हे केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच मान्य केले. सायकलमार्ग कसे आखावेत याची मार्गदर्शिका इंडियन रोड्स काँग्रेसने काढलेली आहे. कागद तयार आहेत, ते रस्त्यावर उतरायचे बाकी आहे.

कोकणातला सायकलमार्ग कसा असावा?

हवामानाचा विचार खरा इथे लागतो. सायकल चालवायची की नाही हे त्यावरून ठरवू नये. मार्ग कसा बांधायचा, हे मात्र हवामान पाहूनच ठरवावे. परदेशातला नकाशा आणून इथे चिकटवला तर पहिल्याच पावसात तो वाहून जाईल.

कोकणातल्या सायकलमार्गाची पहिली गरज म्हणजे पाण्याचा निचरा. इथे रस्त्याच्या कडेचे गटार तुंबते, डोंगरावरची लाल माती वाहून येते, शेवाळ धरते आणि सायकल घसरते. कडेची पट्टी रस्त्याहून थोडी उंच, खडबडीत पृष्ठभागाची आणि गटार झाकलेले असेल, तर पावसाळ्यातले निम्मे दुखणे तिथेच संपते. जाळीच्या फटी सायकलच्या चाकाला आडव्या हव्यात, उभ्या नकोत. एवढ्या साध्या गोष्टीने कुणाचे तरी दात वाचतात.

दुसरी गरज सावलीची. जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा वड, आंबा, जांभूळ, चिंच यांची झाडे होती. रुंदीकरणात ती गेली. भर दुपारी डांबरावरून चालून पाहिले की झाडाची किंमत कळते. सायकलवर स्वतःच्या वेगाचाच वारा लागतो, त्यामुळे सावलीतल्या रस्त्यावर सायकलस्वाराला उकाडा तितकासा जाणवत नाही. म्हणून आमच्या मते कोकणात झाड हा सायकलमार्गाचाच भाग आहे. ते शोभेचे समजून दुभाजकात कण्हेर लावून भागणार नाही. चालणाऱ्याच्या डोक्यावर सावली पडेल अशा बाजूला, इथल्या मातीत रुजणारे झाड लावावे लागेल आणि पहिली तीन वर्षे त्याला पाणी घालावे लागेल.

तिसरा प्रश्न चढाचा. त्यावर आज उपाय आहे. गिअरची सायकल आता अप्रूपाची राहिलेली नाही. विजेच्या मदतीने चालणारी, २५० वॉटपर्यंतच्या मोटरची आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाची सायकल घ्यायला आपल्याकडे नोंदणी लागत नाही, परवानाही लागत नाही. मोटर चढावर हात देते, सपाटीवर पाय चालतात. ही सायकल अजून गरिबाच्या आवाक्यात आलेली नाही, हे खरे. पण बचत गट, पतसंस्था आणि सहकारी बँका दुचाकीला कर्ज देतात, तर तिला का देऊ नये?

चौथी गोष्ट आपल्याच जुन्या वाटांची. कोकणातल्या वाड्या-मोहल्ल्यांना जोडणाऱ्या पायवाटा, पाणंदी आणि जांभ्या दगडाच्या पाखाड्या आजही शाबूत आहेत. काही झुडपांत हरवल्या, काहींवर कुंपणे आली. जिथे उतार परवानगी देतो तिथे या वाटा सायकल जाईल इतक्या नीट केल्या आणि ओढ्यावर साकव घातला, तर शाळकरी मुलाला महामार्गावर पाऊलही न ठेवता शाळा गाठता येईल. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बसणारे हे काम आहे.

आणि पाचवी गोष्ट, हट्ट नको. आषाढ-श्रावणात सायकल घरी राहिली तर काही बिघडत नाही. त्या दिवसांत एसटी आहे, रिक्षा आहे. हातखंब्याहून रोज सायकलने रत्नागिरी गाठा, असेही कुणी म्हणू नये. दोन-चार किलोमीटरपर्यंतची कामे सायकलने आणि पुढचा प्रवास एसटीने किंवा रेल्वेने, ही खरी जोडी आहे. त्यासाठी तिठ्यावर, एसटी थांब्यावर, कुवारबावच्या रेल्वे स्थानकावर, शाळा आणि दवाखान्यांजवळ छप्पर असलेली आणि कुलूप लावता येईल अशी सायकलची जागा हवी. पावसात भिजून गंजणारी सायकल कुणीही दुसऱ्या वर्षी बाहेर काढत नाही.

बदलते हवामान आणि आपला हिशेब

हवामानाची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने कोकणातली घरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. अरबी समुद्र तापतो आहे, त्याची झळ मच्छीमाराच्या जाळ्याला आणि आंब्याच्या मोहराला लागते आहे.

सायकल चालवून उद्याचे वादळ थांबेल, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. पण घरचा हिशेब मांडून पाहा. तीन किलोमीटरवरच्या कामाला दुचाकीने जाऊन-येऊन महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर दीडशे किलोमीटर होतात. त्याला तीन लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभर रुपयांहून अधिक भाव धरला तर वर्षाला साडेतीन हजारांच्या वर रक्कम जाते. एक लिटर पेट्रोल जळले की सव्वादोन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला ऐंशी किलोच्या आसपास. देशाच्या मानाने हे थेंबाएवढे आहे. पण ज्या घरात महिन्याला दहा-बारा हजार येतात, तिथे साडेतीन हजार म्हणजे मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने आणि २२ टक्क्यांहून अधिक लोक पायी जात होते. पर्यावरणाच्या परिषदेला न जाता, कुठलाही गाजावाजा न करता, हवामान सांभाळणारे खरे लोक तेच. बदल्यात आपण त्यांना रस्त्याची कडसुद्धा दिली नाही. याला अन्याय म्हणायचे नाही तर काय?

मुलीच्या हातातली सायकल

या प्रश्नाचा सर्वांत मोठा लाभ कुणाला होईल? आमच्या मते मुलींना. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. अभ्यासकांनी मोजले, तेव्हा वयात येणाऱ्या मुलींचा माध्यमिक शाळेतला प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेने हजारो ग्रामीण महिलांना सायकल शिकवली. त्यात शेतमजूर होत्या, खाणकामगार होत्या, पडदा पाळणाऱ्या घरांतल्या मुस्लिम महिलाही होत्या. टोमणे त्यांनाही ऐकावे लागले. पण पाणी आणणे, बाजार, दवाखाना, मुलांची शाळा यासाठी कुणाची वाट पाहायची गरज उरली नाही, तेव्हा टोमणे मारणारेच गप्प झाले.

आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. योजना चांगली आहे. पण सायकल देऊन रस्ता न देणे म्हणजे पुस्तक देऊन दिवा काढून घेण्यासारखे आहे. मुलगी महामार्ग ओलांडणार असेल तर आई-बाप सायकल खुंटीला टांगतात आणि त्यांना दोष देता येत नाही. मग तीच मुलगी वडापच्या भाड्यापायी किंवा सोबत नाही म्हणून शाळा बुडवते. लांबच्या शाळेचे अंतर पार करायला शिष्यवृत्तीइतकीच सुरक्षित वाटही लागते.

म्हणून शहर किंवा गाव सायकलला अनुकूल आहे की नाही, याची एकच कसोटी आम्हाला पुरेशी वाटते. बारा वर्षांची मुलगी एकटी सायकलवर शाळेत जाऊ शकते का, आणि ती येईपर्यंत आईच्या जिवाला घोर लागत नाही ना? या कसोटीवर हातखंबा उतरला, तर बाकी सगळ्यांसाठी तो आपोआप उतरेल. म्हाताऱ्यांसाठी, अपंगांसाठी, रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगारासाठीसुद्धा.

कुणी काय करावे?

नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तो तसा जन्माला आला नव्हता. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. आई-बाप रस्त्यावर उतरले. मुलांचे बळी थांबवा, एवढीच त्यांची मागणी होती. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही विचार करायला भाग पाडले. मग मार्ग बदलला. लोकांनी विचारल्यावरच रस्ते बदलतात.

आपल्या हातातही साधने आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सदोष आखणी किंवा निकृष्ट बांधणीमुळे जीव गेला वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा आणि कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. पादचारी आणि सायकलसारख्या वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकारही राज्यांना दिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित पदपथाचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. हे ग्रामसभेत वाचून दाखवायला हवे.

ग्रामसभेत मागण्या नेमक्या ठेवाव्यात. तिठ्यावर आणि शाळांजवळ ताशी तीसची मर्यादा आणि ती पाळायला लावणारी रस्त्याची रचना. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना सलग सेवा रस्ता आणि त्यालगत चालणाऱ्यांसाठी व सायकलसाठी वेगळी पट्टी. ओलांडण्यासाठी जिने चढावे लागणार नाहीत असा मार्ग. झाकलेले गटार, सावलीची झाडे, रात्रीचा उजेड. ठराव करून तो महामार्ग विभाग, जिल्हा परिषद आणि लोकप्रतिनिधींकडे द्यावा, पोच घ्यावी आणि दर दोन महिन्यांनी उत्तर मागावे. रत्नागिरी नगरपरिषदेकडेही हीच मागणी न्यावी. मिऱ्यापासून हातखंब्यापर्यंतचा पट्टा एकमेकांवरच जगतो, तेव्हा शहराचा विचार शहराच्या हद्दीवर थांबवून चालणार नाही.

काही गोष्टी मात्र सरकारकडे मागायच्या नाहीत, त्या आपल्याच घरच्या आहेत. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात बापाची दुचाकी देणे बंद करावे. सायकलवाल्याला गरीब समजून नाक मुरडणे सोडावे. मुलीची सायकल दहावीनंतर विकू नये. मशीद, मंदिर, शाळा आणि सभागृह यांच्या आवारात सायकल लावायला जागा ठेवावी. रस्त्यातला त्रासदायक दगड बाजूला करणे हेही पुण्याचे काम, अशी शिकवण आपल्या घरात लहानपणापासून दिली जाते. आज तो दगड भरधाव वाहनाचे रूप घेऊन आला आहे. बाजूला करायला एकाचा हात पुरणार नाही, गावाचे हात लागतील.

येत्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्या आणि जाताना शाळेत जाणाऱ्या एका मुलीला सोबत न्या. तिठा कसा ओलांडावा लागतो, ते तिलाच सांगू द्या.